मेलेल्या पक्ष्यांचा कोलू

"एकाच जातीचे एवढे पक्षी कशाला हो, मॅडम?"

आमच्या कॉलेजच्या म्युझियममध्ये पाय ठेवणारा प्रत्येक शहाणा माणूस मला हे विचारायचा. तपासणीला आलेले पाहुणे विचारायचे, गणिताचे प्राध्यापक विचारायचे, पालकसभेला आलेले आईबापही विचारायचे. मी एक खण ओढायची. आत शेकाटे ओळीनं उताणे निजलेले असायचे, लांब गुलाबी पाय एकावर एक ठेवून, आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली छोटी चिठ्ठी. पाहुण्याच्या चेहऱ्यावर लगेच फसवल्याचा भाव यायचा. त्याला वाघ बघायचा असायचा.

पहिली काही वर्षं मी प्रेमानं समजावलं. म्हटलं, बाबांनो, एक शेकाट्या म्हणजे नुसता एक मेलेला पक्षी. पण इथल्या, मद्रासच्या पेरुंगुडीच्या दलदलीतून वेगवेगळ्या काळात आणलेले शेकाटे शेजारी शेजारी ठेवले, की त्या दलदलीचं काय काय होत गेलं ते त्यांच्या अंगावरून कळतं. पाण्यात कुठलं विष उतरलं ते पिसांत सापडतं, खाणं कमी झालं तर पंखांवर दिसतं. आणि हे सगळं त्या चिठ्ठीच्या जिवावर. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, आणणाऱ्याचं नाव, डोळ्यांचा रंग. डोळ्यांचा रंग लिहावाच लागतो, कारण सोलताना डोळे काढून तिथं कापूस भरतात. चिठ्ठी नसेल तर उरतात पिसं आणि कापूस, म्हणजे उशीचा माल.

नंतर मी समजावणं सोडून दिलं. कोणी विचारलं की म्हणायची, "तुमच्या घरी एकाच नातवाचे एवढे फोटो कशाला?" आणि खण आत ढकलायची.

मी मूळची कोल्हापूरची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि लग्न होऊन मद्रासला आले. तेव्हा सगळे मद्रासच म्हणत. सासर तंजावरकडच्या मराठी माणसांचं, कितीतरी पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. नवरा गिंडीच्या एका कारखान्यात हिशेब बघायचा. मला या कॉलेजात नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात म्युझियमची किल्ली हातात आली, कारण बाकी कोणालाच ती नको होती. खोलीला नॅप्थलीनचा वास यायचा आणि तो साडीला चिकटून बसमध्ये माझ्याबरोबर घरी यायचा. पण मला ती खोली आवडली. का ते विचारू नका, आवडली.

म्युझियम या प्रकाराबद्दल माझ्या मनात भक्तिभाव वगैरे मुळीच नाही, हे आधीच सांगून टाकते. या सगळ्याची सुरुवात कुठून झाली? विलायतेतल्या रिकामटेकड्या श्रीमंतांच्या कपाटांतून. शिंपले, शिंगं, सुकवलेली मगर, दोन डोक्यांचं वासरू, जे मिळेल ते गोळा करायचं आणि जेवायला आलेल्या पाहुण्यांना दाखवून मिशीला ताव द्यायचा. मग तीच हौस बोटीत बसून आपल्याकडे आली. साहेब सकाळी उठून चहाच्या आधी चार पक्षी पाडणार. चिखलात उतरून ते उचलणार आपला माणूस, सोलणार आपला माणूस, आणि पक्ष्याला नाव मात्र साहेबाच्या मेहुण्याचं. वर पुन्हा ऐट अशी, की नेटिवांना निसर्गाची कदर नाही. अरे, तुम्ही येऊन गोळ्या घालेपर्यंत तो निसर्ग इथंच सुखानं नांदत होता की!

मद्रासच्या लोकांनी मात्र या प्रकाराला अगदी नेमकं नाव ठेवलं. एग्मोरच्या म्युझियमला जुनी माणसं 'सेत्त कालेज' म्हणत, म्हणजे मेलेलं कॉलेज. आणि प्राण्यांच्या बागेला 'उयिर कालेज', जिवंत कॉलेज. सासूबाई अजूनही तसंच म्हणतात. मी कुठं नोकरी करते असं कोणी विचारलं की त्या सांगायच्या, "आमची सून धाकट्या सेत्त कालेजांत आहे."

आणि आताची म्युझियमं! आता प्राणी नको, चिठ्ठी नको, अभ्यास तर नकोच नको. आता 'अनुभव' हवा. अंधारी खोली, भिंतभर पडदा, रबराचा डायनोसॉर मिनिटामिनिटाला डरकाळी फोडतोय, आणि त्याच्या जबड्यात पोराला बसवून आई फोटो काढतेय. बाहेर पडताना डायनोसॉर काय खायचा ते कोणालाच सांगता येत नाही, पण त्याच्या चित्राचा मग सगळ्यांनी घेतलेला असतो. त्या रबरी धुडापेक्षा तो साहेब परवडला. माणूस म्हणून कसाही असेल, पण पाडलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधत होता. त्याच्यानंतर आमच्या कॉलेजातल्या मास्तरांनीही तोच नेम पाळला. तार लागून मेलेला, पतंगाच्या मांज्यानं कापलेला, जो मिळेल तो पक्षी रीतसर परवानगी काढून सोलला आणि चिठ्ठीसकट खणात ठेवला. म्हणून तर ते खण जपण्यासारखे होते.

माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांना म्युझियमची खोली दिसायला लागली. इतकी वर्षं दिसली नव्हती. एकदम त्यांच्या लक्षात आलं की खोली मोठी आहे, खिडक्या दोन्ही बाजूंना आहेत आणि तिथं गुबगुबीत रंगीत खुर्च्या टाकून 'इनोव्हेशन हॉल' करता येईल. त्या खुर्च्यांत बसून मुलं नक्की काय शोधणार होती, देव जाणे. मी विचारलं, "आणि पक्षी?" ते म्हणाले, "मॅडम, तुमच्यानंतर त्यांना बघणार कोण?" बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. माझ्या जागी कोणी येणार नव्हतं. पक्ष्यांना घर मिळालं नाही तर त्यांना कसर लागणार आणि मग ते कचऱ्यात जाणार, हे स्पष्ट होतं.

मग मी पत्रं लिहिली, फोन केले, लोकांच्या मागं लागले, दारोदार फिरले म्हणा ना. शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयानं होकार दिला. त्यांना आमचे दलदलीचे खण हवे होते, कारण पेरुंगुडीत आता काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि तिथल्या जुन्या पक्ष्यांचा इतका सलग साठा त्यांच्याकडे नव्हता. अट एकच होती: प्रत्येक पक्ष्याची माहिती पक्की हवी. दिवाळीनंतर त्यांची शास्त्रज्ञ येऊन बघणार होती. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की माझ्या पोरींची लग्नं ठरली. त्या म्हणाल्या, "देव पावला. आता पाहुण्यांसमोर तोंड सांभाळ."

आता कोलू म्हणजे काय ते सांगते. तमिळ घरांत नवरात्रात पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या बसवतात, त्याला कोलू म्हणतात. तंजावरची मराठी घरंही कोलू मांडतात, आणि आमच्या सासूबाईंचा कोलू म्हणजे गल्लीत दबदबा. पायऱ्या विषम आकड्याच्या. वर देव, त्याखाली साधुसंत, मग माणसं, मग वाणी-वाणीण, गाईगुरं, सगळ्यांत खाली भाजीपाला. संध्याकाळी बायका येतात, गाणं म्हणतात, हळदीकुंकू होतं आणि हातात सुंडल पडतं, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ. मला त्या बाहुल्या आवडतात. चेहऱ्यावर एक भाबडा आनंद असतो त्यांच्या.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी प्रिन्सिपॉलसाहेब सपत्नीक आमच्या कोलूला आले होते. दोन वाट्या सुंडल खाल्लं आणि पायऱ्यांकडे टक लावून म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे एवढे पक्षी आहेत. आपण सायन्स कोलू का करत नाही?" मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसले, आणि आमच्या घरचे सगळेच हसले. तो माणूस गंमत करत नव्हता.

पुढच्या वर्षी पितृपक्षात वडिलांच्या श्राद्धाला मी कोल्हापूरला गेले. आई थकलेली, म्हणून थोडी जास्त राहिले. कॉलेजच्या नियमाप्रमाणे किल्ली ऑफिसात जमा करून गेले होते. कोलूच्या पायऱ्या सर्वपित्री अमावास्येला मांडतात. मी तिकडे पानात वडे वाढत होते तेव्हा इकडे माझे खण उघडले गेले.

नवरात्र सुरू झाल्यावर परत आले. एग्मोरला गाडीतून उतरले, घरी सामान टाकलं आणि तशीच कॉलेजला गेले. सासूबाई घरात नव्हत्या. वाटलं, कोणाच्या तरी कोलूला गेल्या असतील. कॉलेजच्या गेटवर केळीचे खांब. आतून सनईसारख्या नादस्वराची टेप. म्युझियमच्या दारात रांगोळी, आणि आतून बायकांचा गलका.

आत पायऱ्या होत्या, पांढरी चादर घातलेल्या, आणि पायऱ्यांवर माझे पक्षी. उभे! जे पक्षी कायम उताणे निजवायचे असतात, ज्यांच्या पायात वजन पेलायला तार नसते, ते थर्माकोलला टाचण्यांनी टोचून उभे केलेले. सगळ्यांत वर मोर, कारण तो मुरुगनचं, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचं वाहन. त्याच्या शेजारी गरुड आणि पट्टेरी हंस, हंसाच्या पायाशी एक छोटी वीणा. मधल्या पायऱ्यांवर बगळे, बदकं, खंड्या. शेकाटे खालच्या पायरीवर आळीपाळीनं उजवीकडे-डावीकडे तोंड करून, प्रत्येकाच्या कपाळाला चंदनाचा ठिपका. त्यांच्यापुढं सुंडलाचं पातेलं. आणि पातेल्याजवळ, सन्मानाच्या खुर्चीत, गळ्यात हार घालून, उद्घाटक म्हणून बोलावलेल्या आमच्या सासूबाई! डोळे मिटून गात होत्या.

मी पातेल्यावर झाकण टाकलं. "खाऊ नका!" म्हणून ओरडले. जुन्या पक्ष्यांच्या कातड्याला आतून सोमलाचा साबण लावलेला असतो, म्हणजे सरळसरळ विष. कीड लागू नये म्हणून. हातमोजे घातल्याशिवाय त्यांना कोणी शिवायचं नाही, असा मोठ्या अक्षरातला कागद मीच भिंतीला लावला होता. त्या कागदावर आता शारदेचं चित्र चिकटवलं होतं. बायकांना मी रांगेनं नळावर नेऊन हात धुवायला लावले. सासूबाई गाणं थांबवून म्हणाल्या, "अगो, कसाला ओरडतीस? चांगलं मांडलंय की." तंजावरच्या मराठीत 'कशाला' ला 'कसाला' म्हणतात. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. कारण माझी नजर शेकाट्यांच्या पायांवर गेली होती आणि पाय मोकळे होते.

एकाही पायाला चिठ्ठी नव्हती.

प्रिन्सिपॉलसाहेब मागून आले, रेशमी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर नेसून, खुशीत. मी विचारलं, "चिठ्ठ्या कुठं आहेत?" ते म्हणाले, "काळजी करू नका, मॅडम." आणि आवाज खाली आणून, एखाद्या बाळबोध बाईला समजावावं तसं म्हणाले, "पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी कोणाच्या बांधतात? हॉस्पिटलात, प्रेताच्या. नवरात्रात देवीसमोर ते बरं दिसतं का? अमंगळ वाटलं सगळ्यांना. म्हणून कापून घेतल्या." मग ऑफिसातून एक जाड पाकीट मागवलं. पाकिटाला हळदीची बोटं लावलेली होती. त्यांनी ते दोन्ही हातांनी मला दिलं. "ओण्णु कूड मिस् आगलै," म्हणाले. एकसुद्धा हरवलेली नाही.

खरंच हरवली नव्हती! नाजूक कात्रीनं, दोरा अगदी मुळाशी धरून, काळजीनं कापलेल्या सगळ्या चिठ्ठ्या आत होत्या. एखाद्या द्वाड पोरानं फाडल्या असत्या तर मी त्याच्या दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या. इथं काय करणार? या माणसानं गावातल्या सगळ्या माणसांची नावं काढून एका पिशवीत नीट जपून ठेवली होती आणि वर म्हणत होता की बघा, नाव एकही वाया गेलेलं नाही. मी म्हटलं, "सर, कुठली चिठ्ठी कुठल्या पक्ष्याची?" त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "पक्षी तर सगळे सारखेच आहेत ना, मॅडम?"

डॉक्टरेट आहे हो या माणसाला. कशात ते मी सांगत नाही.

मला पक्षी त्याच घटकेला खाली काढायचे होते. खणांतला क्रम निदान थोडा तरी ओळखता आला असता. पण लावलेला कोलू मध्येच मोडत नाहीत. विजयादशमीला एक बाहुली आडवी करून निजवायची आणि मगच बाकीच्या उतरवायच्या, अशी रीत. प्रिन्सिपॉल नाही म्हणाले, सगळा स्टाफ नाही म्हणाला, आणि सासूबाईंनी तर माझा हातच धरला. "मधेंच मोडूं नये गो. घरांत आजारपण येतं." घरी गेल्यावर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण रीत म्हणजे रीत. माझ्या ओरडण्यानं सुंडल तेवढं व्हरांड्यात गेलं आणि मांडणाऱ्यांच्या हातात मोजे आले, पण दशमीपर्यंत माझे पक्षी रोज नव्यानं मांडले गेले, कारण पाहुण्यांना रोज काहीतरी वेगळं दिसायला हवं होतं. आज शेकाट्यांची वरात, उद्या शेकाट्यांची शाळा. खणांतला क्रम होता नव्हता तो सगळा गेला. वर्तमानपत्रात फोटो आला, 'परंपरा आणि विज्ञानाचा संगम' म्हणून. संगम कसला, डोंबल!

दशमीला सासूबाईंनीच एक शेकाट्या उचलून हलकेच उताणा निजवला. त्या दिवशी मी सगळे पक्षी काढले, चंदन पुसलं आणि जुळवायला बसले. माझ्याबरोबर कोणी नव्हतं, आणि कोणी नको होतं. ज्या जातीचा एकच पक्षी होता, त्याची चिठ्ठी सोपी. एक झोळीवाला पेलिकन, एक पट्टेरी हंस, एक मोर, असे बरेच जुळले. जिथं एक नर आणि एक मादी होती, तीही जोडी रंगावरून लागली. आणि कावळे! कावळ्यांच्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या, कारण कावळा शनीचं वाहन, पितरांचा पक्षी, त्याला कोलूवर कोण बसवणार? घुबडांचंही तेच. अमंगळ ठरलेले तेवढे वाचले. मला हसू आलं आणि मग मी बराच वेळ रडले, हे सांगायला लाज कसली.

पण शेकाटे, तुतवार, चिखले, कमळपक्षी, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ते दलदलीचे पक्षी, त्यांचा एक ढीग झाला आणि चिठ्ठ्यांचा दुसरा. मधे काही नाही.

दिवाळीनंतर ती शास्त्रज्ञ आली. तरुण, कमी बोलणारी, स्वतःचे हातमोजे घेऊन आलेली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं एक एक पक्षी दिव्याखाली धरून बघितला, दोऱ्याची कापलेली टोकं चिठ्ठ्यांवरच्या टोकांशी लावून पाहिली. दोरा एकाच रिळाचा, आमच्याच स्टोअरमधला. दुपारी तिनं मोजे काढले. "एकेकटे आणि जोडीचे आहेत ते नेते. कावळे आणि घुबडं नेते," म्हणाली. "बाकीचे नाही घेता येणार, मॅडम. मला फार वाईट वाटतं." तिला खरंच वाटत होतं. तिनं चहा घेतला नाही.

म्हणजे बघा काय झालं. त्या मोठ्या संग्रहालयात आमच्याकडून गेलं ते, कावळे-घुबडं सोडली तर, कोलूसारखंच, प्रत्येकातलं एक एक, फार तर जोडी. आणि ते एवढे सारखे-सारखे, ज्यांच्यावरून जन्मभर लोकांनी मला वेड्यात काढलं, ते राहिले.

ती गेल्यावर प्रिन्सिपॉलसाहेब आले. या खेपेला त्यांचाही चेहरा उतरला होता, नाही असं नाही. खोली अजून अर्धी भरलेली होती ना! म्हणाले, "मॅडम, तुम्ही एवढी वर्षं इथं काढलीत. तुम्हाला तर पाठच असेल. आठवून आठवून बांधून टाका. त्यांना काय कळणार आहे? तुमच्या शब्दावर कोण शंका घेईल?"

मी त्यांना हाकलून दिलं. शब्दशः, दाराकडे बोट करून. पण ते गेल्यावर ती गोष्ट डोक्यातून जाईना. कारण मला खरंच माहीत होतं. हे पक्षी कुठले? पेरुंगुडीचे. बहुतेक सगळे. मी ते रोज बघत होते, पावसाळ्यात नॅप्थलीन बदलत होते, माझ्या घरच्या माणसांपेक्षा जास्त वेळा मी त्यांची तोंडं बघितली होती. अंदाजानं बांधल्या तरी निम्म्या बरोबर निघतील. निम्म्या चुकल्या तर चुकल्या, पण पक्षी तरी वाचतील. खोटं वाटेल, पण मी दोरा काढला. कात्री काढली.

आणि चिठ्ठ्यांच्या ढिगातून पहिली हातात आली ती माझ्या अक्षरातली होती.

नोकरीच्या सुरुवातीची. पेरुंगुडीला तेव्हा रस्त्याच्या कडेला पाणीच पाणी असायचं. विजेच्या तारेला आपटून एक शेकाट्या पडला होता, तो मी रुमालात गुंडाळून आणला, परवानगीचा कागद काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं पक्षी सोलला. हात थरथरत होते. पोटावरचे टाके इतके वेडेवाकडे पडले की आमचे तेव्हाचे सर म्हणाले, "हे पक्ष्याचं पोट आहे की गोधडी?" चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: मादी, डोळे लाल. निळी शाई पसरली होती, कारण मी फुंकर न मारताच हात टेकवला होता.

म्हटलं, ठीक आहे. बाकीच्यांचं नंतर बघू. हिला तर मी डोळे मिटून ओळखीन.

सगळे शेकाटे मी टेबलावर ओळीनं मांडले. एकेक उचलून पोटावरची पिसं फुंकून बाजूला केली आणि टाके बघितले. वेडेवाकडे टाके पहिल्याच पक्ष्याला होते. मला इतका आनंद झाला! मग दुसऱ्याला बघितले, त्याचेही वेडेवाकडे. तिसऱ्याचे त्याहून वाईट. सगळ्यांचीच पहिली खेप कधीतरी असते, सगळ्यांचेच हात थरथरलेले असतात, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. चार पक्षी असे निघाले की त्यातला कुठलाही माझा असू शकत होता. मी ते पुन्हा पुन्हा उचलले. वजन करून बघितलं, वास घेऊन बघितला. ज्याच्याबद्दल मी जन्मभर खात्रीनं बोलले असते, तो पक्षी माझ्यासमोर त्या चारांत पडला होता आणि मला तो ओळखता येत नव्हता.

बाहेर संध्याकाळ होत होती आणि रखवालदार दारं लावायला आला होता. त्याला म्हटलं, थांब जरा.

मी कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या. पहिल्या शेकाट्याच्या पायाला दोरा बांधला आणि लिहिलं: ठिकाण, माहीत नाही. तारीख, माहीत नाही. आणणारा, माहीत नाही. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच. त्या चौघांनाही तेच लिहिलं, माझ्याच अक्षरात, आणि शाई वाळेपर्यंत हात उचलून धरला.